नववी ब, रात्री सात ते नऊ

वर्गात विचारलं तेव्हा चौतीस जणांना
एकदम शाळेच्या कौलांत रस वाटू लागला.
प्रश्न साधाच होता:
घुमटावर घोरपडीचं कातडं, की बोकडाचं?
कायदा एका बाजूला, चवथीची आरती एका बाजूला,
आणि मध्ये मी, खडू मोडत.

म्हणून ग्रुप काढला.
हेडसरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला,
म्हणाले, सात ते नऊ. आणि काही झालं तर तुम्ही.
मी नियम लिहिले: सुप्रभात नको, गुलाब नको,
कोणाला नावं ठेवणं नको,
टीचरला रात्री साडेदहाला 'जेवलात?' नको.

पहिल्या दिवशी अठ्ठावीस अंगठे आले.
नुसते अंगठे,
जुन्या सोसायटीच्या कर्जवहीत असतात तसे.
दुसऱ्या दिवशी आल्बान कुलासोनं
आजोबांच्या घुमटाचा फोटो टाकला,
खाली रोमी अक्षरांत कोकणी. अर्थ एवढाच, की
हे फुटेपर्यंत तरी राहू दे, टीचर,
घोरपड तर केव्हाच गेली.
मग सनिषा झर्मेकर.
जिचा आवाज मी हजेरीपुरताच ऐकलेला,
तिनं एवढं लांबलचक लिहिलं
की वाचता वाचता माझं बोट दुखलं.
घोरपडीला विचारलं का कोणी, तिनं लिहिलं,
तिला आरती पाठ आहे का.
तीन हसरे चेहरे, एक रागीट,
त्याखाली दिपराज: तू सुंगटं खातेस ना गं?
पुढचा अर्धा तास नुसती आग.
माझी चपाती तव्यावर काळी झाली.

या सगळ्यात सोयरू गावडे नव्हता.
घरात फोन एकच,
तो बापाबरोबर काजूच्या भाटीवर,
वाळपईच्या पलीकडे, डोंगरात,
सिझन संपेपर्यंत.

तो सकाळी आला, प्रार्थनेच्या आधी.
वहीचं पान, चार घड्या,
उघडताच निरोचा आंबूस वास.
वर निळ्या पेननं: सोयरू, रात्री ८.१२.

'काका म्हणतो बोकडाचं कातडं ढिलं पडतं,
दोन आरत्यांच्या मध्ये विस्तवावर धरावं लागतं.
खरं आहे. धरतो मीच.
पण भाटीच्या लाकडांत एकदा घोरपड होती.
मी तिला बघायच्या आधी तिनं मला बघितलं.
तेव्हापासून जुनं घुमट वाजलं
की आतून कोणीतरी बघतंय असं वाटतं.
म्हणून हात भाजले तरी चालतील.'

आणि खाली कोपऱ्यात
बरोबरच्या दोन खुणा, जोडून, निळ्या,
त्यानंच काढलेल्या.

पोचलं. वाचलं.
मी वाचायच्या आधीच.

मी मोबाईल पानावर धरला आणि थांबले.
वास फोटोत येणार नव्हता.
येणार होतं ते त्याचं अक्षर,
आणि घरात फोन नाही ही बातमी.
विचारलं, टाकू?
तो बराच वेळ चपलेच्या अंगठ्याकडे बघत राहिला.
टाका, म्हणाला, पण पान परत द्या,
मागे गणितं आहेत.

रात्री सात चोवीसला टाकलं.
कोणी अंगठा दिला नाही.
सनिषा लिहितेय, असं वर आलं,
गेलं,
पुन्हा आलं.
आल्बान लिहितोय. दिपराज लिहितोय.
नऊ वाजले. कोणाचंच काही पोचलं नाही.
मी चार्जर काढला, पुन्हा लावला,
उगाच.

आज तिसऱ्या तासाला, मी फळ्यावर समास लिहीत असताना,
मागे बाक करकरला.
वळून पाहिलं तर सनिषाच्या हातातून
सोयरूच्या बाकावर जाणारं एक पान,
चार घड्या.

मी पुन्हा फळ्याकडे तोंड केलं.
हेडसर विचारतील, चर्चा कशी चाललीय.
सांगेन, चाललीय, सर.
फक्त त्या ग्रुपमध्ये
मी नाही.